साक्ष आणि निवाडा : विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचा प्रश्न

अध्यापकाच्या अध्यापनक्षमतेविषयी विद्यार्थ्याने मत द्यावे काय, हा प्रश्न वरवर प्रशासकीय वाटला तरी मुळात तो अधिकाराचा, म्हणूनच नैतिक प्रश्न आहे. १९९४ मध्ये 'नॅक'ची स्थापना झाली आणि तिच्या निकषांत विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला स्थान मिळाले. त्याविषयी दोन भूमिका ऐकू येतात. ज्याला विषय अजून कळायचा आहे त्याने निवाडा कसा करावा, ही एक. ज्याच्यासाठी अध्यापन आहे त्याचेच मत अंतिम, ही दुसरी. दोहोंतही साक्ष आणि निवाडा यांची गल्लत झालेली आहे.

'मालविकाग्निमित्रा'त गणदास व हरदत्त या नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाचा वाद शिष्यांच्या प्रयोगावरून सोडवायचे ठरते. निवाडा करायचा असतो परिव्राजिका कौशिकीने. विद्या अंगी असणे आणि ती दुसऱ्यात संक्रमित करता येणे ही दोन भिन्न सामर्थ्ये आहेत, हा विचार तेथे आधारभूत आहे. मात्र मालविकेला गुरूविषयी कोणी काही विचारत नाही. ती पुरावा आहे, साक्षीदार नव्हे. शिवाय राजाला मालविका दिसावी म्हणून विदूषकाने ही परीक्षा घडवून आणलेली असते. श्रेणीसाठी गोळा होणाऱ्या अभिप्रायांचा विचार करतानाही परीक्षेमागील असा अन्य हेतू विसरून चालणार नाही.

आजची प्रश्नावली याच्या उलट टोकाला जाते. 'विषयावरील प्रभुत्व' असे लिहून ती पाचपैकी गुण मागते आणि विद्यार्थ्याला न्यायासनावर बसवते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 'डॉक्टर फॉक्स' प्रयोगात एका नटाने तज्ज्ञ म्हणून मुद्दाम निरर्थक व्याख्यान दिले आणि श्रोत्यांनी त्याला अनुकूल अभिप्राय दिले. हा दाखला विद्यार्थ्यांच्या अपरिपक्वतेसाठी दिला जातो. परंतु ते श्रोते मनोविकारतज्ज्ञ व शिक्षक यांसारखे व्यावसायिक होते. तेव्हा दोष वयाचा नव्हे, विचारलेल्या प्रश्नाचा आहे.

विद्यार्थ्याला जे ठाऊक असते ते अन्य कोणालाच ठाऊक नसते. मर्ढेकरांची कविता शिकवताना अध्यापकाने तयार अर्थ हाती दिला की विद्यार्थ्याला कवितेशी झुंजू दिले; वेगळा अन्वयार्थ मांडणाऱ्याला उत्तर मिळाले की उपहास; उत्तरपत्रिकेवर गुणांखेरीज काही लिहिलेले होते काय? या गोष्टींना वर्गाबाहेरचा तज्ज्ञ साक्षी नसतो. झुंजायला लावणारा अध्यापक त्या वर्षी नावडताही ठरेल. परंतु घडले ते सांगितले गेले, तर त्या नावडीचे कारणही त्यातच वाचता येईल. म्हणून विशेषणे न मागता वृत्तान्त मागितला पाहिजे.

ज्याच्या हाती अंतर्गत गुण आहेत त्याच्याविषयी निनावी बोलणे हा भेकडपणा नव्हे. साक्ष खरी राहण्याची ती किमान अट आहे. अशी साक्ष अंतिम निर्णय ठरत नाही. तथापि संहितेचे सावध वाचन विद्यार्थ्यांकडून अपेक्षिणाऱ्या अध्यापकाने, त्यांनी आपल्याविषयी लिहिलेली संहिता तितक्याच सावधपणे वाचण्याचे दायित्व टाळता येत नाही.