मजकूर शोधताना यंत्र काय वाचते?

डेटाबेसमधील मजकूर शोधण्यासाठी नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा येते ते साधन म्हणजे एसक्यूएल या क्वेरीभाषेतील 'लाइक'. १९७४ साली आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी मांडलेल्या भाषेतून आजची एसक्यूएल घडली. 'लाइक'पुढे शोधनमुना लिहायचा असतो. त्यातील % म्हणजे कितीही चिन्हे, एकही नसले तरी चालेल, आणि _ म्हणजे नेमके एक चिन्ह. नियम एवढेच असल्याने यंत्रही माणसासारखे शब्द वाचते असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ते केवळ साठवलेल्या चिन्हांचा क्रम ताडून पाहते.

देवनागरीत हा फरक विशेष जाणवतो. ग्रंथसूचीत '%राम%' शोधले असता 'रामायण' येते, 'आराम' आणि 'विराम'ही येतात, इथपर्यंत समजण्यासारखे आहे. परंतु 'ग्रामगीता'ही येते, कारण युनिकोड या संकेतप्रणालीत 'ग्रा' हे जोडाक्षर ग, हलन्त, र आणि काना असे सुटे साठवले जाते आणि त्यापुढील 'म' धरून 'राम' तेथे अखंड उभा असतो. 'पुणे' डोळ्यांना दोन अक्षरी दिसते, पण पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या प्रणालीत ते प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हे ठरते; म्हणून '__' या नमुन्याला ते सापडत नाही, '____' ला सापडते.

खरी अडचण मात्र व्याकरणाची आहे. '%पुणे%' या नमुन्याला 'पुण्यात' आणि 'पुण्याचा' दिसत नाहीत, कारण सामान्यरूप यंत्राला ठाऊक नसते. नमुना सैल करून '%पुण%' लिहावा तर 'पुण्य'ही पदरात पडते. शब्द सुटे करून मूळ रूपाशी जोडणारा पूर्ण-मजकूर शोध यावरचा योग्य उपाय होय, मात्र त्याला त्या भाषेचे व्याकरण आधी पुरवावे लागते. शिवाय नमुन्याच्या आरंभीच % असल्यास नेहमीची अनुक्रमणिका, म्हणजे क्रमवार लावलेली शोधसूची, उपयोगी पडत नाही आणि प्रत्येक नोंद वाचावी लागते. लाखो नोंदींत हा विलंब जाणवतो.

त्यामुळे शून्य ओळी आल्या म्हणजे नोंदच नाही, असे मानणे घाईचे ठरते. ज्या नोंदीच्या रकान्यात मूल्यच नोंदलेले नाही, ज्याला 'नल' म्हणतात, ती नोंद 'लाइक'मध्ये येत नाही आणि 'नॉट लाइक'मध्येही येत नाही. ती 'इज नल' लिहून वेगळी मागवावी लागते.