खारबावचं तोंड कोण तपासणार?

‘दंतवैद्य पारखायचा तर दंत परिषदेच्या नोंदवहीत नाव पाहावं. त्यावर लेख कसले लिहिता?’ एका दंतवैद्य मित्राने हा टोला हाणला, म्हणून हा लेख. मुद्दा दातांचा नाही, सार्वजनिक आरोग्याचा आहे, आणि तिथेच त्याची नोंदवही तोकडी पडते.

खारबाव हे वसई-दिवा मार्गावरचं स्टेशन. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण दाढ ठणकली की माणूस भिवंडी नाहीतर वसई गाठतो. तिथल्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक खरा असेल. त्यावरून पदवी कळते. खुर्चीत येऊन न बसलेल्या तोंडांची काळजी तो करतो का, हे कळत नाही. आणि नोंदवहीचा एवढा सोवळेपणा कशाला? १९४८च्या दंतवैद्य कायद्यानेच तिचे दोन भाग केले: ‘अ’मध्ये पदवीवाले, ‘ब’मध्ये पदवीविना किमान पाच वर्षं त्याच धंद्यावर पोट भरणारे.

माझा माणूस निराळा: डॉ. फली मेहता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिथे अणूचा अभ्यास चाले, तिथे हा माणूस दंतसंशोधनाचा विभाग चालवत होता. त्यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासली, अहवाल १९७२चा. रोगी दारात येण्याची वाट पाहिली नाही. पुढे प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना ती सोडायला समजावलं, वर्षानुवर्षं पुन्हा गाठलं. अनेकांनी सोडली, तोंडातले पांढरे चट्टे, म्हणजे कर्करोगाची संभाव्य पूर्वखूण, कमी झाले. १९८६ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. एकही दात न भरता केलेलं हे दंतवैद्यक! मिश्री लावणाऱ्या आजीला आणि मागावर रात्रपाळी काढताना गालात तंबाखू धरणाऱ्याला हवं आहे ते हेच.

याउलट आपली शिबिरं. बॅनर, हार, आमदार, टूथपेस्टची एकेक ट्यूब, फोटो. पांढरा चट्टा दिसला त्याचं पुढे काय झालं, हे आयोजकाला विचारावं, म्हणजे पारख तिथल्या तिथे होते.

मात्र मेहतांचं नाव घेऊन नोंदवही फेकून द्यावी, असंही नाही. बाजारात पथारी टाकून कवळ्या बसवणारा तीच अवजारं न उकळता दुसऱ्या तोंडात घालतो, त्यातून कावीळ पसरू शकते. तिथे गरिबाच्या हाती नोंदणी क्रमांकाइतकं सोपं दुसरं हत्यार नाही. तो पाहायलाच हवा. ते झाल्यावर मित्राला माझा प्रश्न असा: सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्रात तीन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेली मंडळी कुठे आहेत? बहुतेक महाविद्यालयांत शिकवताहेत, नाहीतर दवाखान्यात रूट कॅनल करताहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचं पदच सहसा नसतं. मग खारबावकराने पारखायचं कोणाला? २०१४-१५मध्ये केंद्राने राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला, तरी दाढदुखीवाला अजून गाडीचीच वाट पाहतो. तेव्हा तपासणी आधी डॉक्टरची नव्हे, सरकारची व्हावी.

येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या आरोग्य केंद्रात दंतवैद्य कोणत्या वारी येणार, आणि गेल्या वर्षीच्या शिबिरात ज्यांच्या तोंडात चट्टे दिसले त्यांची यादी कोणाकडे आहे?