जवळीक कधीच कमी नव्हती

‘ग्रीन बुक’ हा चित्रपट आता उपदेशासाठी वापरला जातो. आरक्षणाचा किंवा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा विषय निघाला की कुणीतरी त्याचा दाखला देतं. १९६२ साल, काळा पियानोवादक डॉन शर्ली, त्याचा इटालियन वंशाचा गोरा ड्रायव्हर टोनी, अमेरिकेच्या दक्षिणेतला प्रवास आणि शेवटी जिवाभावाची मैत्री. मग निष्कर्ष येतो: माणसं जवळ आली की भेद आपोआप गळून पडतात, कायद्यानं फक्त कटुता वाढते. मला हा निष्कर्ष धोकादायक वाटतो. इतिहास त्याच्या उलट आहे, आणि नीट पाहिलं तर चित्रपटही.

मैत्रीनं वर्णभेद वितळतो ही कल्पना जुनी आहे. ‘अंकल टॉम्स केबिन’ असो की ‘हकलबेरी फिन’मधल्या हक आणि जिमचा तराफा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे हॉलिवूडनं काळ्या माणसाला बराच काळ निष्ठावान नोकराच्या वेषातच ठेवलं, तेही सांगायला नको.

थांबायचं ते १९५४ पाशी. शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल त्याच वर्षीचा, आणि गॉर्डन ऑलपोर्टचा पूर्वग्रहांवरचा ग्रंथही त्याच वर्षीचा. संपर्कानं पूर्वग्रह कमी होतात, हे मत ऑलपोर्टच्या नावावर आजही खपवलं जातं. त्यानं मात्र अटी घातल्या होत्या. दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते सहकार्यानं गाठायचं असावं आणि कायद्याचं किंवा सत्तेचं पाठबळ हवं. लोकांनी मत उचललं आणि अटी सोडून दिल्या.

चार वर्षांनी स्टॅन्ली क्रेमरचा ‘द डिफायंट वन्स’ आला. सिडनी पॉटिए आणि टोनी कर्टिस, एकाच साखळीत जखडलेले दोन फरारी कैदी. दर्जा सारखा, उद्दिष्ट एक, सहकार्यावाचून गत्यंतर नाही. चौथी अट तेवढी नाही, कारण कायदा कुत्रे घेऊन मागे लागलेला आहे. शेवटी पॉटिए मालगाडीत चढतो, जखमी कर्टिसला तो वर ओढू शकत नाही, आणि दोघंही खाली येतात. गोरे प्रेक्षक गहिवरले. हार्लेममधल्या प्रेक्षकांनी मात्र पॉटिएला परत गाडीत चढ म्हणून ओरडून सांगितलं, असं जेम्स बाल्डविननं नोंदवलं आहे. मैत्रीची किंमत कोण मोजतो, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

‘ग्रीन बुक’मध्येही तेच आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये शर्लीला ज्या ठिकाणी पियानो वाजवायचा आहे तिथेच जेवायला बसू देत नाहीत. टोनी त्याची बाजू घेतो आणि दोघं निघून जातात. मैत्री त्याला तिथून बाहेर काढू शकली, आत बसवू शकली नाही.

मग दारं उघडली कशी? आधी मनं बदलली आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं त्यावर शिक्का मारला, असं सर्रास सांगितलं जातं. माझा आक्षेप इथे आहे. त्याच बर्मिंगहॅममध्ये ‘ऑलीज बार्बेक्यू’ नावाचं रेस्टॉरंट होतं. तिथे ३६ लोक कामाला होते, त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश काळे. गोऱ्या गिऱ्हाइकांचं जेवण रोज त्यांच्या हातून जात होतं. काळ्या गिऱ्हाइकाला मात्र जेवण बांधून न्यावं लागे, बसता येत नसे. रोजचा सहवास होता, ओळखी होत्या. भेदाला त्यानं ओरखडाही पडला नाही.

मालकांनी नव्या कायद्याला आव्हान दिलं. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं कायदा उचलून धरला. त्याला आधार मिळाला तो मांसाचा. आदल्या वर्षी त्या रेस्टॉरंटनं सुमारे ७० हजार डॉलरचं मांस असं घेतलं होतं की जे राज्याबाहेरून आलेलं होतं, म्हणून ते आंतरराज्य व्यापाराच्या नियमनाखाली आलं. माणसाची प्रतिष्ठा मांसाच्या हिशेबावर ठरावी, याचं अनेकांना वाईट वाटतं. मला त्यात मोठा दिलासा दिसतो. न्यायालयानं कुणाचं अंतःकरण तपासलं नाही. टेबलाशी बसण्यासाठी मालकाच्या मर्जीतला माणूस असण्याची गरज त्या दिवशी संपली. हक्क म्हणतात तो हाच.

आपल्याला हे परकं वाटू नये. गावगाड्यातही जवळीक भरपूर होती. शेतात, बाळंतपणात, मयतीला एकमेकांवाचून चालत नव्हतं, तरी हॉटेलात वेगळी कपबशी होतीच. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या न झालेल्या भाषणात, सहभोजनांनी जात मरत नाही हे स्वच्छ लिहिलं. त्यांना गोडवा नको होता असं नाही. गोडव्याची मर्यादा त्यांना दिसत होती.

कायदे झाले आणि पुढची पिढी त्या काळाकडे हळवेपणानं पाहू लागली. १९८९ चा ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ त्यातूनच ऑस्करपर्यंत पोचला. अटलांटातली ज्यू वृद्धा आणि तिचा काळा ड्रायव्हर होक यांच्या मैत्रीचं चित्र म्हणून तो ओळखला जातो, पण तो त्याहून प्रामाणिक आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सन्मानार्थ मेजवानी आहे. सोबत येतोस का, हे डेझी होकला विचारते ते गाडी तिथे जात असताना, तेही आडून. एवढे दिवस निमंत्रण हातात होतं, विचारायचं तर नीट विचारायचं होतं, हे होक तिला ऐकवतो आणि बाहेर गाडीत रेडिओवर भाषण ऐकतो. आत काळे-गोरे एकत्र बसले आहेत. दार बंद नाही, मनाई करणारा कायदा आड येत नाही. इतक्या वर्षांच्या मैत्रीला त्याला वेळेवर बोलावणं तेवढं सुचलं नाही.