शेंगा कुणी खाल्ल्या होत्या?

आठवीच्या वर्गात मी टिळकांच्या शेंगांची गोष्ट सांगत होते. १ ऑगस्ट जवळ आला होता, भाषणांची तयारी चालू होती, आणि या गोष्टीवाचून मराठी शाळेतली टिळक पुण्यतिथी सहसा पार पडत नाही. वर्गात टरफलं पडलेली, मास्तर सगळ्यांनाच शिक्षा करू पाहतात, आणि लहानगा बाळ उभा राहून ठामपणे सांगतो की शेंगा आपण खाल्लेल्या नाहीत, तेव्हा टरफलंही आपण उचलणार नाही. गोष्ट संपली. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "बाई, मग शेंगा खाल्ल्या कुणी होत्या?"

वर्ग हसला. मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्यापाशी ते नव्हतं. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि पुढे कित्येक वर्षं राहिला. त्या वर्गात शेंगा खाऊन गप्प बसलेली मुलं होतीच ना? त्यांना नाव नाही, चेहरा नाही. आणि खरं पाहिलं तर आमच्या वर्गांत बसलेली बहुतेक मुलं तीच असतात. निर्दोष असून ताठ उभं राहण्याची वेळ एखाद्यावर येते. बाकीच्यांनी शेंगा खाल्लेल्या असतात, किंवा कुणी खाल्ल्या हे पाहिलेलं असतं, आणि पोटात गोळा घेऊन ती खाली मान घालून बसलेली असतात. त्या मुलांनी या गोष्टीतून काय घ्यायचं?

आमच्या शाळांत थोरांची उणीव नाही. परिपाठाला प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, सुविचार, बोधकथा. जयंतीला तसबीर, हार, उदबत्ती आणि 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग' अशी सुरुवात करणारी पाठ केलेली भाषणं. यात वाईट काही नाही. पहिल्यांदा माईकसमोर उभ्या राहिलेल्या मुलाचे थरथरणारे हात मी पाहिले आहेत, आणि भाषण संपल्यावरचा त्याचा चेहराही. त्या धिटाईचं मोल मला कळतं. पण आपण हे सारं चारित्र्यासाठी करतो असं म्हणतो, तेव्हा मला थांबावंसं वाटतं. भाषणातला थोर माणूस जन्मतःच थोर असतो. तो चुकत नाही, घाबरत नाही, दोन वाटांपुढे अडखळत नाही. मूल त्याला नमस्कार करतं आणि आपल्या जगण्यात परत येतं, तिथे मात्र रोज अडखळायला होतं.

'चरित्र' आणि 'चारित्र्य' हे दोन्ही शब्द 'चर्' या धातूतून आले. चर् म्हणजे चालणं. आचार, आचरण, आचार्य हीसुद्धा त्याच घरातली माणसं. चालणाऱ्याला वाट फुटते तिथे उभं राहावं लागतं, कधी भलत्या वाटेनं जाऊन मागं फिरावं लागतं. मुलांना चालणारा माणूस दिसायला हवा, आणि आपण त्यांना मुक्कामी पोहोचलेला माणूस दाखवतो.

शेंगांच्या गोष्टीच्या शेजारी ठेवावी अशी दुसरी एक गोष्ट आहे. गोपाळ कृष्ण गोखले लहान असताना मास्तरांनी घरी करायला दिलेलं गणित वर्गात एकट्या गोपाळचं बरोबर आलं. मास्तरांनी पाठ थोपटली, आणि गोपाळ रडू लागला, कारण ते त्यानं दुसऱ्याच्या मदतीनं सोडवलं होतं. दोन्ही आख्यायिकाच. मोठेपणीचं आयुष्य माहीत झाल्यावर लोकांनी लहानपणात शोधलेल्या. पण यातला गोपाळ हा शेंगा खाल्लेला मुलगा आहे. त्याच्या हातून चूक झाली आहे, कुणी पकडलेलंही नाही, आणि तरी त्याला ती सोसवत नाही. आठवीतल्या मुलाला याच्याजवळ जाऊन बसता येतं.

तरीही ही गोष्ट मुलांपर्यंत फारशी पोहोचत नाही. त्याचं एक साधं कारण शाळेच्या दिनदर्शिकेत आहे. गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, म्हणजे जयंती उन्हाळ्याच्या सुट्टीत जाते. मृत्यू १९ फेब्रुवारी १९१५ चा, आणि त्या दिवशी शिवजयंती असते. महाराष्ट्रानं देशाला दिलेला इतका मोठा माणूस, पण शाळेत त्याच्या वाट्याला एक सकाळसुद्धा येत नाही.

मला आदर्शांविषयी जे म्हणायचं आहे ते पुण्यातल्या एका वर्षात सापडतं. वर्ष १८९७. आदल्या हिवाळ्यात प्लेग शहरात शिरला होता. सरकारनं रँड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती प्लेगचा बंदोबस्त दिला, गोरे सैनिक घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले, माणसं रोगाइतकीच त्या झडत्यांना भिऊ लागली. ज्यांना शक्य होतं त्यांनी पुणं सोडलं.

सावित्रीबाई फुले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. जोतीराव जाऊन सहा वर्षं उलटली होती. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्यानं पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला, आणि सावित्रीबाई स्वतः रोगी आणू लागल्या. प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात पोहोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. शाळेत सावित्रीबाई म्हटलं की १८४८ ची मुलींची शाळा आणि अंगावर फेकलेलं शेण आठवतं, ते योग्यच आहे. पण ३ जानेवारीच्या भाषणांत हा शेवटचा मार्च फार थोडा येतो. तिथे समोर उभं राहून शेण फेकणारं कुणी नव्हतं, टाळ्या वाजवणारंही नव्हतं. एक आजारी पोर होतं आणि त्याला उचलायचं की नाही एवढाच प्रश्न होता.

त्याच वर्षी टिळक शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी प्लेगचं रुग्णालय काढायला पुढाकार घेतला आणि सरकारच्या जुलमावर 'केसरी'तून लिहीत राहिले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, आणि महिना उलटल्यावर टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. माफी मागा, सुटाल, असा सल्ला हितचिंतकांनी दिला. त्यांनी तो मानला नाही. सप्टेंबरात दीड वर्षांची सक्तमजुरी झाली.

आणि गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले होते. वय एकतीस. पुण्याहून मित्रांची पत्रं आली की झडत्यांच्या वेळी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केले आहेत. ते वाचून गोखले पेटून उठले आणि 'मँचेस्टर गार्डियन'मधून त्यांनी हे जगापुढे मांडलं. सरकारनं इन्कार केला, पुरावा मागितला. मुंबईला उतरल्यावर गोखल्यांनी चौकशी केली, तर पत्रं लिहिणाऱ्यांपैकी उघडपणे बोलायला कुणी तयार नव्हतं. गोखल्यांनी त्यांची नावं फोडली नाहीत. जे आपल्याला सिद्ध करता येत नाही ते आपण छापलं, याची जबाबदारी त्यांनी एकट्यानं घेतली आणि गव्हर्नरांची व सैनिकांची बिनशर्त माफी मागितली. देशभर संताप उसळला. भित्रा, शरणागत, काय काय म्हटलं गेलं. ज्या वेळी टिळक माफी नाकारून तुरुंगात जात होते, त्याच वेळी गोखल्यांनी माफी मागितली होती. सार्वजनिक आयुष्य इथेच संपलं असं वाटावं, इतका तो घाव खोल होता. ते घरात बसून राहिले नाहीत. पुण्यात प्लेगच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. आठ वर्षांनी, १९०५ मध्ये, त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला.

एक शहर, एक रोग, एक वर्ष, आणि तीन माणसं तीन वाटांनी गेली. मी हे नववीच्या मुलांना सांगितलं, आणि पहिल्या वेळी मुद्दाम गोखल्यांचं आणि टिळकांचं नाव घेतलं नाही. एकानं माफी मागितली, एकानं नाकारली, बरोबर कोण? वर्ग तासभर भांडला. एक मुलगा म्हणाला, माफी मागितली म्हणजे हरला. दुसऱ्यानं विचारलं, पण खरं असलं आणि सिद्ध होत नसलं, तर माफी मागणं खोटेपणा नाही का? मग एक मुलगी उठली. "ज्यांनी पत्रं लिहिली ती माणसं कुठे होती?" पुन्हा तोच प्रश्न. शेंगा कुणी खाल्ल्या होत्या. त्या माणसांना दोष देणं सोपं नाही, त्यांना सैनिकांची आणि बदनामीची धास्ती होती, आणि मुलांना ती धास्ती लगेच कळली. त्या दिवशी वर्गात कुणाला आदर्श ठरवलं गेलं नाही. पण घंटा झाल्यावरही चार-पाच जण जिन्यात उभे राहून वाद घालत होते, आणि त्यांच्या तोंडी 'मी असतो तर' हे शब्द होते. पंधरा जयंत्यांच्या भाषणांत मला हे शब्द ऐकू आले नव्हते.

यावर आक्षेप येतो, आणि तो फेकून देण्यासारखा नाही. कोवळ्या वयात श्रद्धेला जागा हवी, थोरांच्या चुका दाखवून मुलांचा विश्वास का ढळवायचा? पाच-सहा वर्षांच्या मुलाला मी १८९७ सांगणार नाही. त्याला धीट बाळ आणि प्रामाणिक गोपाळ पुरे. पण बारा-तेराव्या वर्षी मूल स्वतःकडे पाहू लागतं. तिथे त्याला स्वतःची भीती, मत्सर, खोटं दिसतं. थोर माणसाला यातलं काहीच नव्हतं असं त्याला सांगितलं, तर ते एवढंच समजतं की आपण त्या जातीचे नाही. आपली श्रद्धा ज्यानं जपली जाते असं आपल्याला वाटतं, त्यानंच मूल दूर जातं.

साने गुरुजींना हे नेमकं कळलं होतं. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, आणि त्यातला श्याम कसा आहे पाहा. तो पोहायला जायला घाबरून लपतो, आई त्याला मारून विहिरीवर धाडते. मोठं व्हायचं तर पुस्तकं वाचायला हवीत, म्हणून तो घरी आलेल्या पाहुण्याच्या पैशाला हात लावतो. थोर होण्याच्या ओढीनंच मूल चोरी करतं, हे लिहायला केवढं धैर्य लागलं असेल. त्याच श्यामला आई एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावर लाकडांची मोळी चढवून द्यायला पाठवते, आणि नंतर घरी येऊन आंघोळही करायला सांगते. त्या काळाची मर्यादा आईतही आहे, आणि गुरुजींनी ती झाकली नाही. ती मोळी उचलणारा मुलगा, म्हणजे गुरुजी स्वतः, १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषणाला बसला. आईनं जिथे थांबून आंघोळ सांगितली, तिथून लेक पुढे चालत गेला. आदर्शाचं अनुकरण म्हणजे हेच असेल, तर ते किती वेगळं आहे.

आता ती गोष्ट, जी बोलायला मला जड जाते. मूल सर्वांत बारकाईनं पुस्तकातल्या माणसाकडे पाहत नाही, समोरच्या माणसाकडे पाहतं. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की राजकोटच्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबानं इंग्रजी शब्द लिहायला सांगितले, त्यांचं 'केटल' चुकलं, तेव्हा शिक्षकांनीच बुटाच्या टोकानं शेजारच्या पाटीवरून बघून लिही असं खुणावलं. मोहनच्या ध्यानातच आलं नाही. सगळ्यांचे शब्द बरोबर आले, एकट्याचा चुकला. पुढे गोखल्यांना राजकीय गुरू मानणारा हा मुलगा त्या दिवशी वर्गातला एकटा 'ढ' ठरला. शाळेची लाज राखण्यासाठी शिक्षकानं मारलेली ती बुटाची ठोकर अजून थांबलेली नाही. दहावीच्या परीक्षेला भिंतीवरून चिठ्ठ्या टाकणारे हात मुलांचे नसतात. ते काकांचे, भावांचे असतात, आणि पाठ फिरवून उभे राहणारे आमच्यातलेच असतात. मी स्वतः एकदा पर्यवेक्षक असताना पाठ फिरवली आहे. बाहेरच्या माणसांची भीती वाटली, हे कारण खरं होतं. पण त्या वर्गातल्या तीस मुलांनी माझी पाठ पाहिली, आणि त्यानंतर मी त्यांना टिळकांवर काय सांगणार होते?

अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांची अस्ताव्यस्त अंथरुणं स्वतः घड्या घालून ठेवत, त्यांच्या खोल्या झाडत. बोलत नसत. काही दिवसांनी मुलं आधी उठून आपली अंथरुणं आवरू लागली. भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात दाणा नव्हता तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून सगळ्या जातींच्या पोरांना जेवू घातलं, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. त्या पोरांना मूल्यशिक्षणाचा तास नव्हता.

गेल्या वर्षी निवृत्त होण्याआधी मी आठवीला एक निबंध दिला. शेंगांचीच गोष्ट, पण ज्यानं शेंगा खाल्ल्या त्या मुलाच्या तोंडून लिहा. वर नाव घालू नका, असंही सांगितलं. काहींनी शेवटी त्याला मास्तरांपुढे नेऊन रडवलं, काहींनी टिळकांची माफी मागायला लावली. एका कागदावर चारच ओळी होत्या. त्या मुलानं किंवा मुलीनं लिहिलं होतं की बाळ उभा राहिला तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण सगळे त्याच्याकडे बघत होते. मग मास्तर पुन्हा एकदा विचारतील म्हणून मी वाट बघत होतो. मी सांगणार होतो. त्यांनी विचारलं नाही.