पायात पुरलेले सत्य



दोर वळून पोट भरणाऱ्या मांग समाजातील मुक्ता साळवे ही मुलगी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकली. १८५५ साली, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राने तो छापला.

मोठमोठ्या इमारती बांधताना आपल्या लोकांना तेल-शेंदूर पाजून पायात पुरत असत, असे तिने त्यात लिहिले. लोक इमारतींची भव्यता पाहत होते. या मुलीने त्यांचा पाया उकरून दाखवला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, तर आमचा धर्म कोणता, असे तिने देवालाच विचारले.

असे विचारणे ही अश्रद्धा नव्हे. ईयोबानेही देवाला जाब विचारला आणि देवाने त्याचे ऐकून घेतले. बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड देवाने कोनशिला केला. तो दगड म्हणजे प्रभू येशू. मग नाकारलेल्यांचे गाऱ्हाणे आपण कसे टाळणार?

ऊसतोडीच्या हंगामात आपल्या बारामती-इंदापूर भागातील कोप्यांवर मुक्ताच्या वयाच्या मुली धाकटी भावंडे सांभाळतात. आपल्या चहातील साखरेच्या पायात कोणाचे बालपण पुरले आहे? हंगामात एका तरी कोपीवर जा. तिथल्या मुलीला शाळेविषयी विचारा आणि तिचे उत्तर शेवटपर्यंत ऐका. मग तिला शाळेच्या दारापर्यंत सोबत करा.

प्रभू आपणांस ऐकणारे कान देवो. आमेन.