विचारायचं कुणाला?

आयटीआयमधून बाहेर पडलेल्या पोरांना काही येत नाही, ही तक्रार कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत इतकी वर्षं ऐकू येते की आता ती बोलणं सुरू करण्याची रीतच झाली आहे. तिच्यावरचा उपायही पाठ आहे : उद्योजकांना विचारा, त्यांना हवं ते शिकवा.

उपाय चुकीचा नाही. कोकवर पेटणाऱ्या कपोला भट्टीच्या जागी इंडक्शन फर्नेस आली. हातानं साचा भरायची जागा कित्येक फौंड्र्यांत मोल्डिंग लाइननं घेतली. कास्टिंगसोबत धातूच्या तपासणीचा रिपोर्ट नसेल तर मोठं गिऱ्हाईक माल उतरवूनही घेत नाही. अशा दिवसांत जुनाट लेथवर पोरांना दोन वर्षं रखडवणं हा अन्यायच आहे. राधानगरी, शाहूवाडी, गारगोटीकडून पहाटेच्या एसटीनं येणाऱ्या पोराची ती दोन वर्षं असतात. सरकारचा पैसा वाया गेला तर ऑडिटात निघतो. पोराची वाया गेलेली वर्षं कुठल्याच वहीत निघत नाहीत.

विचारण्याची व्यवस्थाही जुनीच आहे. २००७-०८ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयसाठी खासगी भागीदारीची योजना आणली. प्रत्येक संस्थेला व्यवस्थापन समिती, समितीचा अध्यक्ष उद्योगातला आणि हाताशी अडीच कोटींपर्यंतचं बिनव्याजी कर्ज. २०२५ मध्ये सुरू झालेली पीएम-सेतू योजना याच वाटेनं जाते : १,००० आयटीआय, ६०,००० कोटींचा आराखडा आणि कारभारात उद्योगांचा हात आणखी वर. खुर्ची आहे, निधी आहे. त्या खुर्चीवरच्या माणसाला नेमकं काय विचारावं, यावर मात्र आपण फारसा विचार केलेला दिसत नाही.

पहिली अडचण अशी की मालकाला पुढच्या चार-सहा महिन्यांचीच ऑर्डर ठाऊक असते. व्हीएमसी या संगणकीय मशीनवर जॉब लावून बटण दाबणारा माणूस त्याला उद्या सकाळी हवा असतो, म्हणून तो म्हणतो, "व्हीएमसी चालवायला शिकवा, बाकी आम्ही बघतो." त्यात लबाडी काही नाही. पण हे काम पोरगं पंधरवड्यात शिकतं आणि मशीन बदललं की ते शिकणं तितक्याच लवकर निरुपयोगी ठरतं. त्या पोराला पुढं चाळीस वर्षं काम करायचं आहे. त्या चाळीस वर्षांची काळजी ऑर्डर बुकात नसते, आणि ती तिथं असावी अशी अपेक्षाही करू नये.

मागणी बदलली की काय होतं, हे कोल्हापूरनं एकदा अनुभवलं आहे. विहिरीचं, नदीचं पाणी उपसायला शेतकऱ्याला ऑइल इंजिन हवं होतं. त्या इंजिनांवर इथल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप उभे राहिले, उद्यमनगर वाढलं. त्या काळात कोणी उद्योजकांना विचारलं असतं, तर ऑइल इंजिनचा फिटर घडवा, असंच उत्तर आलं असतं. पुढं गावोगाव वीज गेली, विहिरीवर मोटर बसली, इंजिन मागं पडलं. कारखाने ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, मोटारींच्या सुट्या भागांकडे वळले. त्या वळणावर तगला तो साचा कळणारा, ड्रॉइंग वाचणारा, मायक्रोमीटर आणि कानस दोन्ही हातात धरता येणारा कारागीर. त्याचं शिक्षण कुठल्या एका मालापुरतं नव्हतं. आता विजेवरच्या गाड्या येत आहेत. त्यांना पिस्टन लागत नाही, सिलिंडर ब्लॉक लागत नाही. इंजिनच्या कास्टिंगवर चूल पेटणाऱ्या जिल्ह्यात उद्योगाला 'काय हवं' याबरोबर 'दहा वर्षांनी काय नको असेल' हेही विचारायला हवं. उत्तर देताना उद्योजकही चाचरेल. पण ते चाचरणं ऐकणं हासुद्धा सल्लामसलतीचाच भाग आहे.

(बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास याच गावात सिनेमाचा कॅमेरा तयार केला, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण 'कोल्हापूरचा मिस्त्री बघून बघून शिकतो' असं म्हणत शाळेच्या वर्कशॉपवरचा खर्चही आपण वाचवत आलो, हेही खरं आहे.)

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. कामाच्या जागेला विचारलं की तिच्या गरजांबरोबर तिच्या खोडीही अभ्यासक्रमात येतात. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कुलकर्णी वतनं बंद केली आणि पगारी तलाठी नेमायला घेतले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणांनाही त्या कामाची दारं उघडली. त्याआधी महाराजांनी गावच्या दप्तरावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्यांना विचारलं असतं की हे काम कोणाला जमेल, तर उत्तर काय आलं असतं ते सांगायला नको. शिवाय ते उत्तर अनुभवाचं म्हणून आलं असतं, सोबत चार दाखले घेऊन. आज एखाद्या कारखान्यात 'सीएनसीवर मुली चालतील का' असं विचारा. रात्रपाळी आहे, स्वच्छतागृह नाही, कोण जोखीम घेणार, अशी उत्तरं येतात. ती खोटी नसतात. पण ती उद्योगाची गरज सांगत नाहीत, सोय सांगतात. दोन्हींतला फरक ओळखणं हे समितीचं काम आहे. ते तिनं केलं नाही, तर मुलींच्या वाट्याला शिवणकाम आणि ब्युटी पार्लर एवढंच उरतं.

तिसरं म्हणजे, 'उद्योग' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढं फक्त मालक येतो. वाळू मुठीत दाबून तिच्यातलं पाणी ओळखणारा मोल्डर, ब्लो होल का आला ते कास्टिंग फोडून दाखवणारा मिस्त्री, फेटलिंगच्या धुळीत उभा असणारा माणूस, हे उद्योगात मोडत नाहीत का? जर्मनीत १९६९ पासून व्यवसाय प्रशिक्षणाचा कायदा आहे. शिकाऊ उमेदवाराची परीक्षा घेणाऱ्या मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात, सोबत व्यावसायिक शाळेचा किमान एक शिक्षक. आपल्याकडे जर्मन पद्धतीचं कौतुक फार होतं, पण हा समसमानपणा कौतुकातून नेमका गळतो. मिस्त्रीला विचारलं तर तो कदाचित मास्क आणि सेफ्टी शूजपासून सुरुवात करेल. पगाराची स्लिप वाचायला, जादा पाळीचा हिशेब करायला, पीएफ तपासायला शिकवा म्हणेल. मालकाच्या यादीत या गोष्टी सहसा नसतात. आणि पोरं टिकत का नाहीत, याचंही उत्तर त्याच्याकडे असतं. भट्टीपुढं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले कामगार दिसतात, यामागं आपल्या पोरांना कौशल्य नाही एवढंच कारण नाही. त्या उष्म्यात, त्या धुळीत, त्या पगारावर कोण उभं राहणार, असाही एक प्रश्न आहे. अभ्यासक्रमाच्या चर्चेत पगाराचा विषय शिताफीनं टळतो.

आता सल्ला देणाऱ्याच्या वाट्याचं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यानं अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत. त्याहून लहानांवर सक्ती नाही. उद्यमनगरातल्या आठ-दहा माणसांच्या शॉपचं दुखणं वेगळंच आहे. तिथला मालक स्वतः पोराला शिकवतो, माल बिघडला तर सोसतो, आणि हात बसला की पोरगं हजार-दोन हजार जास्त देणाऱ्या मोठ्या कंपनीत जातं. पोराचं चुकत नाही. त्याला उचलणारी मोठी कंपनी मात्र समितीत बसून 'तयार माणसं मिळत नाहीत' म्हणते, तेव्हा तिनं तयार माणूस कोणाच्या खर्चानं मिळवला हे विचारायला हरकत नाही.

एकेका गोठ्यातलं थोडं थोडं दूध एकत्र करून या जिल्ह्यानं १९६३ मध्ये गोकुळ दूध संघ उभा केला. तशी दहा लहान शॉपनी मिळून पोरं घेतली तर? सहा महिने पॅटर्नवर, सहा महिने फौंड्रीत, मग मशीनवर. विद्यावेतनाचा भार वाटून, आणि तयार पोरगं नेणाऱ्या मोठ्या कंपनीचा वाटा त्यात आधीच धरून. शिकवताना मिस्त्रीच्या हातून जितका माल कमी निघतो, तितकी भरपाई त्याच्या पगारातही दिसायला हवी. समितीच्या पुढच्या बैठकीत अभ्यासक्रमाआधी हा हिशेब टेबलावर ठेवला, तर कोण किती गंभीर आहे ते चहा येण्याआधीच कळेल.