मजलूमही जालीम होतो तेव्हा

सातवीच्या वर्गात आम्ही हजरत बिलाल यांची गोष्ट शिकवत होतो. तापलेली वाळू, छातीवर ठेवलेला दगड आणि तरीही न मोडलेला ईमान. मुले अगदी गप्प बसून ऐकत होती, दोघा-तिघांचे डोळेही पाणावले होते. मधली सुटी झाली. त्याच मुलांपैकी एकाने वर्गातल्या एका काळ्यासावळ्या मुलाला "ए हबशी!" अशी हाक मारली आणि सगळे हसले. ज्याला हाक मारली, तोही हसला.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. ज्या समाजाला स्वतःच्या कपाळी शिक्का सोसावा लागतो, तो दुसऱ्याच्या कपाळी शिक्का मारायचे थांबवतो का? जुल्म सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होतो का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही अमेरिकेकडे वळलो. जगातल्या इतक्या जाती-जमाती एकमेकींच्या शेजारी येऊन राहिलेला दुसरा देश सहजी सापडणार नाही. तिथल्या वंशभेदाची कहाणी आपण बहुधा 'गोरे विरुद्ध काळे' एवढीच वाचतो. पण गोऱ्यांच्या खालच्या पायरीवर उभे असलेले लोक एकमेकांकडे कसे पाहतात, हा भाग आपल्या वाचनात फारसा येत नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच भागात आहे.

१६ मार्च १९९१. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातले एक दुकान. लताशा हार्लिन्स नावाची पंधरा वर्षांची काळी मुलगी तिथे संत्र्याच्या रसाची बाटली घ्यायला आली. बाटलीची किंमत १ डॉलर ७९ सेंट. तिने ती पाठीवरच्या बॅगेत ठेवली आणि ती गल्ल्याकडे आली. दुकान चालवणाऱ्या कोरियन बाईला वाटले, पोरगी चोरी करते आहे. तिने तिला धरले. झटापट झाली, मुलीने बाईला मारले, मग बाटली गल्ल्यावर ठेवली आणि ती जायला वळली. बाईने पिस्तूल उचलले आणि पाठमोऱ्या मुलीच्या डोक्यात गोळी घातली. मुलीच्या हातात तेव्हा दोन डॉलर होते. हे सारे दुकानातल्या कॅमेऱ्याने टिपले. ज्यूरीने बाईला दोषी ठरवले, पण न्यायाधीशांनी तिला तुरुंगात पाठवले नाही. पाच वर्षे देखरेख, चारशे तास समाजसेवा आणि पाचशे डॉलर दंड एवढ्यावर प्रकरण मिटले.

याच्या तेराच दिवस आधी त्याच शहरात पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला रस्त्यात बेदम मारले होते. २९ एप्रिल १९९२ रोजी त्या खटल्याचा निकाल लागला आणि पोलीस जवळजवळ पूर्णपणे सुटले. शहर पेटले. साठाहून अधिक माणसे मेली. सुटले होते पोलीस, पण लुटली-जाळली गेली कोरियनांची दुकाने, दोन हजारांहून अधिक. कोरियन लोक आजही त्या दिवसाला 'सा-इ-गु' म्हणतात. त्यांच्या भाषेत याचा अर्थ फक्त 'चार-दोन-नऊ', म्हणजे एप्रिलची २९ तारीख. निकाल देणारे त्या दुकानांत कधी आलेही नव्हते.

आता दोन्ही बाजू पाहा. हे कोरियन लोक कोण होते? त्यांच्यातले कितीतरी मायदेशी शिकलेसवरलेले होते. अमेरिकेत त्यांची पदवी चालेना, इंग्रजी जमेना. मग घरच्यांची कमाई आणि आपल्याकडच्या भिशीसारखी 'के' यांतून पैसा उभा करून त्यांनी गरीब वस्तीत दुकाने घेतली, कारण तिथे ती स्वस्त होती. दिवसाचे चौदा-चौदा तास ते गल्ल्यावर बसत. दरोड्यांत त्यांच्यातले काही मारलेही गेले होते. आणि ते काळे लोक? पिढ्यान्‌पिढ्या त्याच वस्तीत राहिलेले. बँक त्यांना सहजी कर्ज देत नसे, म्हणून वस्तीतले दुकान त्यांच्या मालकीचे होत नसे. परका माणूस येतो, आपला पैसा घेतो, सुटे पैसे हातात न देता गल्ल्यावर टाकतो, नजरेला नजर देत नाही आणि दुकानभर आपल्या मागे मागे फिरतो. एकाच्या लेखी 'काळा म्हणजे चोर', दुसऱ्याच्या लेखी 'कोरियन म्हणजे मगरूर आणि लोभी'. दोघेही मजलूम. आणि दोघांची ओळख केवळ गल्ल्याच्या दोन बाजूंनी झालेली.

इथे कोणी म्हणेल, दरोडा ज्याने पाहिला त्याची भीती खोटी कशी? अनुभवातून आलेले मत पूर्वग्रह कसे? प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकता येणार नाही. आम्हाला वाटते, अनुभव माणसाला सावध राहण्याचा हक्क देतो. दाराला कुलूप लावा, कॅमेरा बसवा. पण समोर उभ्या असलेल्या एका माणसाचा निवाडा त्याने तोंड उघडण्यापूर्वीच करण्याचा हक्क कोणताही अनुभव देत नाही. सावध माणूस "पैसे आणलेस का?" असे विचारतो. पूर्वग्रहाला विचारायची गरजच वाटत नाही. लताशाच्या मुठीतले दोन डॉलर त्यामुळेच दिसले नाहीत.

मजलूम माणसाला आणखी एक मोह पडतो. आपल्यावरचा डाग पुसायचा, तर तो शेजाऱ्याच्या अंगाला पुसायचा. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसांना नागरिकत्व मिळे. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही तो हक्क मिळाला. मग मधल्या आशियाई लोकांनी काय करावे? बहुतेकांनी आपण गोरे आहोत हे सिद्ध करायची खटपट केली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत राहिलेल्या पंजाबच्या भगतसिंग थिंड यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने मांडले गेले की, ते उच्चवर्णीय आर्य आहेत, आणि अमेरिकेतला गोरा निग्रोकडे जसा पाहतो, तसाच भारतातला उच्चवर्णीय आदिवासीकडे पाहतो. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखाच भेद करतो, म्हणून आम्हाला आपले म्हणा! १९२३ मध्ये न्यायालयाने ही मागणी फेटाळली. इतकेच नव्हे, ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते, अशा अनेक भारतीयांचे ते काढून घेतले गेले. १९४२ मध्ये डेट्रॉइटला अहमद हसन या येमेनी मुसलमानालाही 'गोरा नाही' म्हणून नागरिकत्व नाकारले गेले. त्याचा धर्मही निकालात त्याच्या विरुद्ध मोजला गेला.

पुढे वारे फिरले. काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने देश हलवला. त्याच वाऱ्यात १९६५ चा कायदा आला आणि आशियाई डॉक्टर-इंजिनिअरांना अमेरिकेचे दार उघडले. आज आपल्या मुंबई-पुण्याची, कोकणातली मुले तिथे सुखाने नोकरी करतात, त्यामागे मार खाल्लेल्या काळ्या माणसांचे ऋण आहे. पण १९६६ पासून तिथल्या वर्तमानपत्रांत आशियाई लोकांच्या यशाचे गोडवे सुरू झाले. त्यातला न बोललेला भाग असा की, 'हे पुढे गेले, मग काळे का नाही?' निवडून निवडून आणलेल्या शिकलेल्या लोकांची तुलना गुलामगिरीतून आलेल्यांशी! आपल्यातल्या अनेकांना ही स्तुती गोड वाटली. स्तुतीचा शिक्काही शिक्काच असतो, आणि तो दुसऱ्याला मारण्यासाठी वापरला जातो, हे ध्यानात यायला वेळ लागला.

अमेरिकेतले मुसलमान यातून सुटले आहेत, असे आम्ही म्हणू शकत नाही. तिथल्या मुसलमानांत जवळपास एक-पंचमांश काळे आहेत. तरीही काही अरब घरांत काळ्या माणसाला 'अबीद' म्हणतात. त्याचा अर्थ गुलाम. एकाच सफेत खांद्याला खांदा लावायचा आणि घरी येऊन हा शब्द उच्चारायचा! ११ सप्टेंबर २००१ नंतर आपल्यावर दहशतवादाचा शिक्का बसला, तेव्हा आपण जगाला सांगितले की, एकाच्या गुन्ह्यासाठी साऱ्या कौमेला जबाबदार धरू नका. बरोबरच सांगितले. पण हे वाक्य दुसऱ्यांसाठी बोलायचीही तयारी हवी.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात पुन्हा एक दुकान, पुन्हा एक गल्ला. वीस डॉलरची नोट खोटी असल्याच्या संशयावरून पोलिसांना फोन गेला, आणि जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. ते दुकान पॅलेस्टिनी वंशाच्या मुसलमान कुटुंबाचे होते. लोकांना अडवत बाजूला उभा असलेला एक पोलीस आशियाई, ह्मोंग वंशाचा होता. शहर पेटले. त्या आगीत एका बांगलादेशी माणसाचे 'गांधी महल' हे हॉटेलही जळाले. आदल्या दिवसांत त्याच हॉटेलात जखमी निदर्शकांवर उपचार केले जात होते. मालकाने मात्र जमावाला शिव्या दिल्या नाहीत. इमारत पुन्हा बांधता येईल, माणूस पुन्हा आणता येत नाही, असे तो म्हणाला. सगळे गमावलेल्या माणसाने 'ते लोक' असा शब्द तोंडी येऊ दिला नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपल्या तोंडून काय निघाले असते, हे प्रत्येकाने आपल्याशीच विचारून पाहावे.

हजरत अबू जर यांनी एकदा एका माणसाला त्याच्या आईवरून टोमणा मारला. तेव्हा हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांना सुनावले की, तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. इतक्या मोठ्या सहाबींच्या मनातही ती उरली होती, मग आपली काय कथा? तेव्हा आपल्याला पूर्वग्रह नाहीत, असे समजण्यापेक्षा ते कुठे दडले आहेत हे शोधत राहणे बरे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात मलिक अंबर यांच्याविषयी बोललो. गुलाम म्हणून विकले गेलेले, आपल्याच दख्खनचे वजीर झालेले आणि खुलताबादला चिरनिद्रा घेत असलेले ते हबशी. मुलांना गंमत वाटली. नंतर आम्ही त्या सावळ्या मुलाला बाजूला बोलावून विचारले, "बेटा, काल तू का हसलास?"

तो खाली बघत म्हणाला, "सर, गुस्सा करता तो और चिढाते."

त्या मुलाला हसावे लागू नये, एवढे काम आमच्या वर्गात अजून बाकी आहे.